आधी थंड, मग दवाखाना

निरोगी माणसांना घाम फोडायचा किंवा कुडकुडायला लावायचं, यासाठी पोलिक्सेनी वर्वारेसूला अथेन्सच्या विद्यापीठात पगार मिळायचा. आधी तिने डोंगरावरच्या बर्फात सैनिकांची थंडी मोजली, मग स्पंजासाठी समुद्रात बुड्या मारणाऱ्यांची. आई वैतागायची, "लोकांच्या मुली ताप उतरवणाऱ्या डॉक्टर होतात, आमची ताप चढवते!"

अथेन्सजवळच्या आमच्या पेरामाच्या गोदीत ती आली ती उष्णता मोजायला. उन्हाळ्यात जहाजाच्या पोलादी टाकीत उतरून वेल्डिंग करणं म्हणजे भट्टीत शिरणंच. ती वेल्डरना एक गोळी गिळायला द्यायची. पोटातली गोळी बाहेरच्या यंत्राला आतला ताप कळवायची.

"आत काय चाललंय ते बायकोलाही कळतं का हो यातून?" फोंडास वेल्डरने विचारलं.

"तिला गोळीशिवायच कळतं," पोलिक्सेनी म्हणाली. तेव्हापासून पोरं तिला आपली मानू लागली.

मुकादम स्टामातिस मात्र गोळी घ्यायचा नाही. दांडगा गडी, उमेदीची सगळी वर्षं टाक्यांमध्येच गेलेली. महिनाभर इकारियाला, आपल्या बेटावर राहून तो परतला, त्या दिवशी ऊन नुसतं आग ओकत होतं. पोलिक्सेनीने त्याला फाटकापाशीच गाठलं.

"मुकादम, आज थोडाच वेळ उतरा. उद्या जरा जास्त."

"बाई, ही कातडी याच भट्टीत भाजून निघालीय."

"महिनाभराच्या सुट्टीत ती सवय मोडलीय. घाम उशिरा सुटेल, रक्तातलं पाणीही कमी झालंय. दोन आठवडे द्या, सगळं परत येईल."

"दोन आठवड्यांत जहाज निघून जाईल!" म्हणत तो टाकीत उतरला.

दुपारी तो वर आला तो असंबद्ध बडबडत. फोंडासला त्याने आपल्या वडिलांच्या नावाने हाक मारली आणि तिथेच कोसळला. फोंडासने बोंब ठोकली, कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावला. पोलिक्सेनी धावत आली. काखेतला ताप अशा वेळी फसवा असतो, म्हणून भिडभाड न ठेवता तिने त्याची विजार खाली ओढून लांब वायरचा थर्मामीटर लावायचा तिथेच लावला. पारा एक्केचाळीसच्या वर होता.

"फाटकावरच्या मासळीवाल्या अर्गिरोमावशींचा टब आणा! बर्फ, पाणी, असेल तेवढं!"

चौघांनी उचलून मुकादमाला गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवलं. तो शिव्या देत हातपाय झाडू लागला. पोलिक्सेनीने त्याला काखेतून धरून ठेवलं. आजवर तिने थंड पाण्यात बसवलेली माणसं 'पुरे' म्हणताच बाहेर येत. हा माणूस पुरे म्हणण्याच्या शुद्धीत नव्हता, तेव्हा ते आता तिलाच ठरवायचं होतं. या पाण्याने ताप उतरणार याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

रुग्णवाहिका आली. उतरलेला माणूस ओरडला, "बाहेर काढा याला! दवाखान्यात नेतो."

"आधी थंड, मग दवाखाना."

"इथे मेला तर?"

"रस्त्यात उकडून मरेल, इथे नाही. डोकं धरा त्याचं."

तिचा आवाज चढला नव्हता. त्याने थर्मामीटर पाहिला आणि डोकं धरलं. पोलिक्सेनीचे हात बधिर झाले, तरी तिने पकड सोडली नाही. पारा एकोणचाळीसवर आला तेव्हाच ती म्हणाली, "आता काढा."

स्टामातिसने डोळे उघडले. "मासळीचा वास कुठून येतोय?"

"तुझ्याच अंगाला येतोय, मेल्या!" अर्गिरोमावशी डोळे पुसत म्हणाल्या. "आणखी थोडा वेळ गेला असता तर बाजारात मांडला असता तुला."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याची मूत्रपिंडं आणि यकृत तपासलं. दोन्ही शाबूत होती. गोदीच्या मालकांनी पोलिक्सेनीला आभार मानायला बोलावलं. तिने आभार बाजूला ठेवले. नवा किंवा सुट्टीवरून आलेला प्रत्येक माणूस हळूहळू कामाला लागेल आणि प्रत्येक धक्क्यावर पाण्याचा टब आणि बर्फ तयार असेल, एवढंच तिने मागितलं.

"कामं रखडतील, बाई," मालक म्हणाले.

"पहिले काही दिवस रखडतील. नंतर हीच माणसं जास्त काम करतील. माझ्याकडे मोजमापं आहेत, बसा, दाखवते."

मालक बसले. पुढच्या उन्हाळ्यात नियम लागू झाला, आणि तो राबवायला टाकीच्या तोंडाशी स्टामातिसच उभा राहिला. कुणी छाती फुगवून आत निघाला की तो त्याची कॉलर धरून सावलीत बसवायचा.

हिवाळ्यात तो आपणहून अथेन्सला, तिच्या प्रयोगशाळेत गेला. पोलिक्सेनीने त्याला तापवलेल्या खोलीत सायकलवर बसवलं आणि गोळी पुढे केली. त्याने ती घोटभर पाण्याबरोबर गिळली.

"किती वेळ चालवू, बाई?"

"मी थांबा म्हणेपर्यंत," ती म्हणाली आणि तिने खोलीची उष्णता वाढवली.