धाकटा

"खरं सांग, गोळ्या चुकवतेस ना?"

"जेवण चुकलं असेल ताई, गोळी नाही."

सल्ला देणारी नर्स, सगळ्यांची ताई, समोरच्या शिलाईवालीकडे बघत राहिली. एचआयव्हीची गोळी सुरू होऊन वर्ष होत आलं. वजन चढायचं ते उतरत होतं, गालांची हाडं वर आली होती.

दाराशी बसलेल्या तिच्या सासूबाई पुटपुटल्या, "लपवत असेल. उशीखाली बघायला हवं एकदा."

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या खिडकीतून तंत्रज्ञाची हाक आली, "ताई, हिचा धाकटा निघाला हो!"

शिलाईवाली ताडकन उठली. स्टूल आडवं झालं.

"माझा धाकटा? त्याला कसं? त्याची तपासणी चांगली आली होती ना!"

ताईने तिचे हात धरले. "अगं, तुझ्या लेकाचं नाही. या विषाणूचे दोन प्रकार असतात. आम्ही आपले थोरला, धाकटा म्हणतो. तुझ्या अंगात धाकटा आहे. मुलं ठणठणीत आहेत तुझी."

"म्हणजे मलाच ना फक्त?" ती शेजारच्या खुर्चीत टेकली आणि चक्क हसली. "बाई गं! जीवच गेला होता माझा."

त्या हसण्याने ताईचं काम अवघड करून ठेवलं. धाकटा तसा संथ, पसरतोही कमी. पण पहिल्या तपासणीत त्याला कुणी ओळखलंच नव्हतं. तिच्या गोळीत तीन औषधं. त्यातलं एक धाकट्याला शिवतही नाही, आणि उरलेली दोन एकटी पुरी पडत नाहीत. ताईने हे हळूहळू सांगितलं.

"म्हणजे वर्षभर मी भलतंच दार ठोठावलं?"

"हो गं."

"मग दुसरी गोळी?"

"मागवली आहे. पुन्हा मागवली. येत नाहीये. तोवर हीच घे म्हणालेत डॉक्टर."

"उपयोग?"

रोज सकाळी हात जोडताना ताई एवढंच मागायची, की समोरच्याला देण्यापुरता शब्द दे. आज तो आला नाही.

"रोजचा नेम चुकला नाही माझा," शिलाईवाली हळूच म्हणाली, "देवच चुकला." मग ताईकडे वळून, "ताई, एक कराल? सासूबाईंना सांगा. मी चुकवली नाही म्हणून."

ताईने दाराशी जाऊन सांगितलं. अगदी स्पष्ट, दोनदा.

म्हातारी उठली. आत आली, आडवं पडलेलं स्टूल उभं केलं, सुनेची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"चल," ती म्हणाली. "घरी पोचेस्तोवर गोळीची वेळ होईल तुझी."