खवट वासाचा माग

नाकोबाच्या नाकाबद्दल तेल कारखान्यात जे सांगत, त्यातलं निम्मं खोटं होतं. पण उरलेलं निम्मंही पचायला जडच होतं. एकदा म्हणे फाटकापासून तीन वळणं लांब असलेला टँकर त्याने नुसत्या वाऱ्यावर ओळखला आणि दरवानाला सांगितलं, "येतोय तो परत पाठव, तळाचं तेल गेलंय." टँकर आला तेव्हा ड्रायव्हरने तोंड उघडायच्या आत दरवानाने हात जोडले. दुसरी गोष्ट फोनची. परगावी दिलेली मुलगी फोनवर बोलत होती आणि नाकोबा मध्येच म्हणाला, "तुझ्या फडताळातले अक्रोड खवट झालेत गं." तिने डबा उघडून पाहिला, तर झालेले! तेव्हापासून ती फोन गॅलरीत उभी राहून करायची, आणि तोही महिन्यातून एकदा.

खरं होतं ते एवढंच, की गेली अडतीस वर्षं सूर्यफूल तेलाची एकही टाकी नाकोबाने हुंगल्याशिवाय भरणीला गेली नव्हती. त्याची पद्धतही त्याचीच. टाकीतलं तेल अंगठ्याएवढ्या बाटलीत घ्यायचं, बूच लावायचं, आणि बाटली शर्टाच्या आत, बनियनच्याही आत, छातीच्या मधोमध दाबून धरायची. घड्याळ लावून पाच मिनिटं. थंड तेल मुकं असतं, ऊब मिळाली की बोलायला लागतं, असं तो सांगे. प्रयोगशाळेत त्यासाठी गरम पाण्याचं भांडं होतं, विजेवर चालणारं, चकचकीत. त्याच्याकडे बघून नाकोबा म्हणे, "तेल काय बाळंतपणाला आलंय, गरम पाणी लागायला?" मग गळ्याचं बटण काढून तो बाटली वर ओढी, हनुवटीखालीच बूच उडवी, एकदाच हुंगे आणि एकच शब्द बोले. ताजं, नाहीतर खवट. त्या शब्दावर फाटक उघडे किंवा बंद होई.

तो शब्द बोलून झाला की चहा येई. भरणीवाला येई, दरवान येई, कोणी म्हणे, "नाकोबा, माझ्या सासूबाई कधी येणार, वास लागतो का बघा." दुपारी डबे उघडले की सगळे आपापला डबा आधी त्याच्या नाकाखालून नेत. एवढी माणसं नाकोबाला दिवसभरात भेटत, ती सगळी तिथेच. घरी कोणी नव्हतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. रविवारी तो कारखान्याच्या भिंतीला बाहेरून एक चक्कर मारून येई. कोणी विचारलंच तर सांगे, पाय मोकळे करायला आलो होतो. त्या रस्त्यावर पाय मोकळे करण्यासारखं काहीही नव्हतं.

अशा माणसाने एका सोमवारी सात नंबरच्या टाकीला खवट ठरवलं.

केमिस्टबाईने तपासणी केली. ही मुलगी दोन वर्षांपूर्वी कामावर लागलेली, अंगाने काडी आणि डोक्याने सुरी. तेल फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात आयोडाइड घालायचं. तेलात ऑक्सिजन शिरला असेल तर आयोडीन सुटतं, आणि स्टार्चचे थेंब टाकले की सगळं निळंशार होतं. सात नंबरचं तेल निळं व्हायला तयारच होईना.

"काका, हे तर कालच जन्मल्यासारखं आहे."

"मग तुझा स्टार्च शिळा असेल."

तिने नवा स्टार्च केला. पुन्हा तेच. मंगळवारी चार नंबर खवट, बुधवारी दोन नंबर. फ्लास्क तिन्ही वेळा पांढरा, आणि फाटकाबाहेर टँकरांची शेपटी वाढत चाललेली.

नाकोबाला खरी भीती वेगळीच होती. तोच वास त्याच्या घरातही होता. सोमवारी त्याने लोणी फेकलं. मंगळवारी अक्रोड, तीळ, केसांच्या तेलाची बाटली आणि अंगाचा साबण. बुधवारी शिलाई मशिनचं तेलही फेकलं. ते खनिज तेल. त्यात मेद नसतो, ते कधी खवट होत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी फेकलं. घर धुऊन काढलं, फडताळं रिकामी केली. रात्री उशीवर डोकं टेकलं की वास आपला हजर, जुन्या पुठ्ठ्यासारखा, किंचित मेणचट. जिथे तिथे वास येतोय म्हणजे वास कुठेच नाही, नाकच बिघडलं, हा हिशोब कोणालाही जमला असता. नाकोबालाही जमला, म्हणून तर त्याला झोप येईना.

मॅनेजरने बोलावलं. मॅनेजर पंचावन्न-छप्पन्नचा, पोटाने पुढे आणि स्वभावाने मागे असलेला गृहस्थ.

"नाकोबा, बसा. तुमच्या नाकाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण तीन टँकर उन्हात उभे आहेत. शुक्रवारी मला वर कळवायचंय. नाक शाबूत असेल तर तसं दाखवा. नसेल तर काही कमीपणा नाही, सन्मानाने घरी बसा. निरोपाचं भाषण मी स्वतः करीन."

"त्यापेक्षा शाबूतच असलेलं बरं, साहेब," नाकोबा म्हणाला. पण बाहेर आल्यावर तो फाटकाकडे न जाता टाक्यांकडे वळला. घरी बसा म्हणे! घरी बसून काय करायचं, हे सांगायला कोणी नव्हतं; तिथे बसलेलं बघायलाही कोणी नव्हतं.

गुरुवारी सकाळी केमिस्टबाईने त्याच्या हातात एक बाटली दिली. "सात नंबरचीच आहे. निवांत बघा."

नाकोबाने बाटली छातीशी धरली. पाच मिनिटं भरली. मग बटण निघालं, बूच उडालं. नाकोबाने एकदा हुंगलं, कधी नव्हे ते दुसऱ्यांदाही हुंगलं, आणि पडलेल्या आवाजात म्हणाला, "खवट."

"काका," ती म्हणाली, "ह्यात पाणी आहे. सकाळी मीच गाळून उकळून भरलंय."

नाकोबाने बाटली उजेडात धरली. पाणीच होतं. हातातली वस्तू न बघता छातीशी लावायची सवय अडतीस वर्षांची. डोळ्यांना त्याने कधी विचारलंच नव्हतं. तो स्टुलावर बसला. "लिहून टाक पोरी. गेलं नाक."

"थांबा हो. एवढ्यात कुठे लिहायचं?" तिने दुसऱ्या बाटलीत तेच पाणी भरलं, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलं, आणि चिमट्याने धरून त्याच्या नाकासमोर नेलं. "आता?"

"पाणी," नाकोबा म्हणाला. "काचेला साबणाचा अंश राहिलाय. आणि तू सकाळी संत्रं खाल्लंस."

ती हसली नाही. तिने सात नंबरचं खरं तेल तसंच भांड्यात गरम केलं. नाकोबा म्हणाला, "ताजं. कोवळं तेल आहे. ह्याला कोणी नाव ठेवलं?"

"तुम्हीच ठेवलंत."

मग दोघंही बराच वेळ त्याच्या शर्टाच्या गळ्याकडे बघत राहिली. म्हणजे ती बघत होती. नाकोबाला मान वाकवूनही नीट दिसेना.

तिने हळूहळू सांगितलं, जसं डॉक्टर आधी हवापाण्याचं बोलतात तसं. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या खुंटीवर टांगलेल्या तीन लांब शेपट्या. शेपटीतले कार्बन एकमेकांचे हात धरून उभे. कुठेकुठे एकाऐवजी दोन हातांनी धरलेलं असतं, तिथे शेपटीला बाक येतो. ह्या वाकड्या शेपट्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत म्हणून तेल पातळ राहतं. सरळ शेपट्यांचं लोणी गोठतं. पण त्या बाकाशेजारीच ऑक्सिजन शिरतो, शेपटी तुटते, आणि तुटलेल्या तुकड्याला वास येतो.

"हे मला शिकवतेस?"

"पुढचं ऐका ना, काका. माणूसही ह्याच मालाचा आहे. पेशीपेशीला जी भिंत आहे ती मेदाची, दोन पदरी. वाळवलेल्या मेंदूत निम्म्याच्या आसपास मेदच निघतो. आणि कातडी स्वतःचं तेल झिरपवते, नाहीतर आपण पापडासारखे तडकलो असतो. चाळिशी उलटली की त्या तेलात एका जातीचं वाकडं मेदाम्ल वाढत जातं, आणि त्याला ऑक्सिजनपासून राखणारं जे असतं ते कमी होत जातं. मग तिथेही तेच होतं. तुटलेल्या तुकड्याला नॉनेनल म्हणतात. जुन्या तेलातही तोच सापडतो. अगदी तोच रेणू." ती थांबली. "साबणाने पुरता जात नाही तो. त्यात वाईट काही नाही, रोगही नाही. वय आहे. बाकीच्यांना जेमतेम जाणवतं. तुमचं नाक तसलं, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

नाकोबाने बनियनची कड नाकाशी ओढली. तो होताच तिथे. टाकी नाही, फडताळ नाही, उशी नाही. चार दिवस ज्याच्या मागावर होता तो चार दिवस त्याच्याच अंगावर बसून फिरत होता.

"म्हणजे नाक ठीक आहे," तो म्हणाला.

"नाक नंबर एक आहे."

त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या डोक्यात भलताच हिशोब सुरू झाला होता. हा वास त्याला नवा नव्हता. नऊ-दहा वर्षांपूर्वी, झोपायच्या खोलीत, असाच. तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, कपाटात काहीतरी खवट झालंय. तिने कपाट रिकामं केलं, फळ्या पुसल्या, कपडे उन्हात घातले, त्याच्या समाधानासाठी दोनदा. "आता?" "अजून आहे." ती वयाने त्याच्याहून मोठी, चार वर्षांनी. पुढे ती दिवसातून दोनदा अंघोळ करायला लागली. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. शेवटी लाकूडच कुजलंय असं ठरवून त्याने आपली खाट बाहेरच्या खोलीत टाकली. सहा वर्षं दोघं दोन खोल्यांत झोपली. दिवा मालवल्यावर ती आतून विचारायची, "गेला का हो वास?" आणि तो प्रामाणिकपणे सांगायचा, "आहे, पण कमी आहे."

त्या कपाटाचं लाकूड अजून खणखणीत होतं.

"काका? पाणी देऊ?"

"नको," नाकोबा म्हणाला. "पाण्याने आधीच पुष्कळ केलंय."

शुक्रवारी मॅनेजरच्या खोलीत मॅनेजर, भरणीवाला, दरवान आणि केमिस्टबाई अशी चौघं बसली होती. नाकोबापुढे दोनच वाटा होत्या. नाक गेलं म्हणायचं: भाषण, सहानुभूती आणि घर. नाहीतर खरं सांगायचं: कामावर राहायचं, पण रोज ज्यांच्याबरोबर डबा खायचा त्यांच्या तोंडावर सांगायचं, की खवट झालंय ते तेल नव्हे, मी. केमिस्टबाईने आदल्या दिवशीच सुचवलं होतं, "मी सांगते ना, सर्दी झाली होती म्हणून." पण अडतीस वर्षं एकच शब्द आणि तोही खरा, ह्यावरच त्याचं सगळं उभं होतं.

तो उभा राहिला. "सात, चार आणि दोन, तिन्ही टाक्या ताज्या आहेत. वास माझा येतो. वयाचा. बाटली मी छातीशी धरतो, त्यात तो मिसळला. आजपासून गरम पाण्याचं भांडं वापरीन."

आधी दरवान फस्सकन हसला, भरणीवाला हसला, मॅनेजरचं पोट हसलं. "म्हणजे नाकोबा, तुम्हालाच परत पाठवायचं का फाटकातून?" हसताहसता सगळ्यांचे डोळे ओले झाले. नाकोबाही हसला. नोकरी टिकली, टँकर सुटले, चहा आला.

हसणं दुपारपर्यंत पुरलं. मग भरणीवाल्याने, पन्नाशीचा गडी, कोणी बघत नाही असं बघून स्वतःची कॉलर हुंगली. दरवानाने पलीकडे तोंड करून काख. वाऱ्यावर टँकर ओळखणारं हे नाक इतकी वर्षं आपल्या शेजारी बसून जेवलं, हे एकेकाच्या ध्यानात आलं. सोमवारी डबे उघडले तेव्हा भरणीवाला म्हणाला, "आज जरा लवकर जेवलो मी." मंगळवारी दरवानाला फाटकावरच खावंसं वाटलं. चहा यायचा, पण ठेवून जायचा. कोणी वाकडं बोललं नाही, फक्त प्रत्येकजण वारा कुठून वाहतो ते बघून उभा राहू लागला.

बुधवारी मॅनेजरने बोलावलं. दार लावून घेतलं, पंखा बंद केला.

"नाकोबा, एक खाजगी. घरची मंडळी हल्ली बाल्कनीत झोपते. उकडतं म्हणते." त्याने गळ्याचं बटण काढलं आणि टेबलावरून पुढे वाकला. एवढा मोठा माणूस, डोळे मिटून, लस टोचून घेणाऱ्या मुलासारखा. "खरं सांगा हं. जे असेल ते."

नाकोबाने हुंगलं. जुना पुठ्ठा, किंचित मेणचट. आपल्याहून थोडा कोवळा, पण तोच. हजार टाक्यांत ओळखला असता असा. तीन वर्षांत कोणी त्याच्या इतक्या जवळ आलं नव्हतं.

"ताजं," नाकोबा म्हणाला.

"नक्की?"

"साहेब, कालच जन्मल्यासारखं. मंडळींना खरंच उकडत असेल. तुम्हीही खाट बाल्कनीत टाका."

मॅनेजरने सोडलेल्या श्वासाने टेबलावरचे कागद हलले. बातमी संध्याकाळच्या आत फाटकापर्यंत पोचली, आणि दुसऱ्या दिवशी एकेकजण काही ना काही निमित्ताने प्रयोगशाळेत आला. भरणीवाला ताजा निघाला. दरवान ताजा निघाला. निवृत्तीला दोन महिने उरलेला बॉयलरवालाही ताजा निघाला, आणि जाताना नाकोबाच्या पाठीवर थाप मारून गेला. "म्हणजे आपल्यात तुम्हीच एक की हो, नाकोबा!"

"मीच एक," नाकोबा म्हणाला.

दार लागलं. चिमटा घेऊन त्याने सात नंबरची बाटली गरम पाण्यात सोडली, आणि पाच मिनिटं रिकामे हात कुठे ठेवायचे ते न सुचून उभा राहिला.