सोजराबाईंनी घासलेल्या स्प्रिंगा

मार्गासनीच्या सोजराबाईंच्या घरात न चमकणारी वस्तू शोधून सापडायची नाही. कळशी, तवा, दाराची कडी, सगळं राखेनं आणि चिंचेनं घासून लखलखीत. शेजारच्या चंद्राबाई तर म्हणायच्या, हिच्यापुढं फार वेळ गप बसून राहू नये, आपल्यालाही घासून काढील. हे सोजराबाईंच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते कौतुकच वाटलं होतं.

खंडेनवमी हा तर त्यांचा हक्काचा दिवस. घरातलं प्रत्येक हत्यार त्या दिवशी न्हाऊनमाखून पाटावर बसे. कोयता, विळे, खुरपी, अजितच्या टेम्पोचे पाने आणि अगदी मधोमध त्यांचा तराजू. त्या तराजूवर त्यांनी वीस वर्षं पानशेतला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना तांदूळ आणि करवंदं मोजून दिली होती. एकदा पुजलं की दसऱ्याला शिलंगण होईपर्यंत पाटावरची वस्तू हलवायची नाही, हा त्यांचा नियम. एका नवमीला टेम्पोचं चाक बसलं तेव्हा अजितनं पाना मागितला, तर पोटच्या पोराला त्यांनी दुसऱ्याचा पाना मागायला चार किलोमीटर चालत पाठवलं होतं. अजित ती गोष्ट अजून पाहुण्यांना सांगतो.

यंदा पाटावर आणखी एक वस्तू हवी असं त्यांच्या मनात होतं. ती म्हणजे सुनेचं पिस्तूल.

सून वैष्णवी वेल्ह्याच्या शाळेत खेळाची शिक्षिका. भोरच्या कॉलेजात असताना एनसीसीत तिनं पहिल्यांदा बंदूक धरली, आणि मग तो नाद काही सुटला नाही. लग्नानंतर, मूल झाल्यानंतरही नाही. गावात कुजबुज झाली तेव्हा सोजराबाईंनी पाणवठ्यावर चारचौघींत सांगून टाकलं, "माझी सून नेम धरती, तुमच्या सुना नुसत्या डोळं वटारत्यात." त्यानंतर कुणी काही बोललं नाही. परवान्यासाठी वैष्णवीनं तीन वर्षं कागद नाचवले तेव्हा प्रत्येक खेपेला तिच्या पिशवीत भाकरी बांधून देणाऱ्या याच.

"आत्या, पिस्तूल कपाटाबाहेर निघायचं न्हाई," वैष्णवी म्हणाली. "नियम हाय तसा. आन् घरात ल्हान पोर हाय."

सोजराबाईंचं तोंड एवढंसं झालं. ते पाहून वैष्णवीनं कपाट उघडलं, पिस्तूल खोललं आणि त्यातली स्प्रिंग काढली. डबीत आणखी चार होत्या, त्यांच्याबरोबर तीही सासूच्या हातावर ठेवली. "ह्यो त्याचा जीव हाय. ह्या पुजा." एवढं बोलून ती शाळेत गेली, कारण तिथंही पाटीपूजन होतं. अजित पहाटेच झेंडूचा टेम्पो घेऊन पुण्याला गेला होता.

पाच स्प्रिंगा. जाडीला पेन्सिलीएवढ्या, लांबीला बोटाएवढ्या, तेलकट, काळपट. प्रत्येकीच्या टोकाला रंगाचा एकेक ठिपका. सोजराबाईंना वाटलं, कुणीतरी रंगकाम करताना शिंतोडे उडवलेत. सुनेचा जीव आणि असा घाणेरडा? त्या रॉकेलची वाटी आणि राख घेऊन बसल्या. तासाभरानं पाचही स्प्रिंगा चांदीच्या असाव्यात तशा ताटात पडल्या होत्या. त्यांनी हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि चंद्राबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं.

दुपारी वैष्णवी आली. पाटापुढं हात जोडले आणि तशीच खाली बसली.

"काय गं? कमी घासल्यात का?"

"न्हाई, आत्या. लई छान चमकवल्यात," वैष्णवी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मग तिनं सांगितलं तेव्हा सोजराबाईंना सगळं समजलं. पाचही स्प्रिंगा दिसायला सारख्या, पण प्रत्येकीचा जोर वेगळा. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग झटक्यानं मागं जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगेच्या जोरावर पुन्हा पुढं येतो. स्प्रिंग फार कडक असली तर तो पुरता मागं जात नाही, पुंगळी अडकते. फार मऊ असली तर पिस्तूल उसळतं आणि नेम परत जागेवर यायला उशीर होतो. कुठली किती कडक, ते फक्त त्या ठिपक्यांवरून कळायचं. जुनी पिवळी तीन वर्षं पिस्तुलात होती. गेल्या वर्षी निवडचाचणीत त्याच स्प्रिंगेनं ऐन फेरीत दोनदा पुंगळी अडकवली आणि राज्याचा संघ दोन गुणांनी हुकला. म्हणून या उन्हाळ्यात चार नव्या मागवल्या आणि रविवारमागून रविवार नेमबाजीच्या रेंजवर घालवून वैष्णवीनं त्यातली एक निवडली, हिरवी. वहीत सगळं लिहिलं होतं. पांढरी सगळ्यांत मऊ, मग हिरवी, मग निळी, तांबडी सगळ्यांत कडक, सगळ्यांचे गुणदोष. आता वही होती आणि रंग नव्हते. चाचणी परवावर आली होती. गोळ्या उरल्या होत्या त्या चाचणीपुरत्याच, एकेक स्प्रिंग घालून गोळी झाडून बघायला एकही जास्तीची नव्हती.

आणि वैष्णवीनं मागेच सांगून ठेवलं होतं, यंदा संघात आले नाही तर पिस्तूल जमा करून टाकीन, वय काही थांबत नाही. हे सोजराबाईंना चांगलं आठवत होतं.

सून ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ताटातल्या स्प्रिंगा न उचलता बोटानं दाबून बघत होती. सोजराबाईंना स्वतःच्या हातांचा एवढा राग कधी आला नव्हता. शेवटी त्याच म्हणाल्या, "स्प्रिंगांचं कळणारा कुणी न्हाई का तुज्या वळखीचा?"

होता. वरव्याचा नागसेन, अजितचा दोस्त, तिथल्याच एका स्प्रिंगांच्या कारखान्यात कामाला. पण स्प्रिंगा तर पाटावरच्या. त्या उचलायच्या म्हणजे नियम मोडायचा. सोजराबाईंनी देवासमोर नाक घासलं, पाचही स्प्रिंगा रुमालात बांधल्या आणि सुनेच्या स्कूटीवर मागं बसल्या. वरव्याला पोचेपर्यंत त्यांनी रुमाल छातीशी धरला होता.

नागसेन दारातच भेटला. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, भोरला कार्यक्रम होता, त्यासाठी तो पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करत बसला होता. सगळं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "वहिनी, आमच्याकडं जोर मोजायचं मशीन हाय. पाच मिन्टाचं काम. पण मालकांनी सकाळी मशीनला हार घातला आन् कुलूप लावून गावाला गेलं. आता परवा नारळ फोडूनच चालू हुणार."

"परवा तर चाचणी हाय रं," सोजराबाई म्हणाल्या.

नागसेननं थोडा विचार केला. "मावशी, मशीन तरी काय करतं? जोर म्हंजे वजनच. प्रत्येक स्प्रिंग सारखीच दाबायची. जिला दाबाया जास्त वजन लागंल ती कडक." त्यानं घरातून एक लांब बारीक बोल्ट आणि भोक पाडलेली फळी आणली. बोल्ट स्प्रिंगेतून घालायचा, फळीच्या भोकातून खाली सोडायचा आणि खालच्या टोकाला वजन टांगायचं. बोल्टचं डोकं स्प्रिंगेला दाबत खाली येईल. बोल्टवर त्यानं कानशीनं एक खूण केली. ती खूण फळीखाली आली की थांबायचं. "पण वजनं बारीक पायजेत. चारदोन तोळ्यांचा फरक कळला पायजे. तसला काटा हाय का कुणाकडं?"

वैष्णवीनं सासूकडे बघितलंच नाही. बघायची तिची हिंमत झाली नाही.

बोल्ट आणि फळी घेऊन घरी आल्या तेव्हा देवापुढं दिवा लावायची वेळ झाली होती. पाटावर मधोमध तराजू बसला होता, झेंडूच्या माळेत, पारड्यांना हळदीची बोटं. स्प्रिंगा पाहुण्या होत्या, त्यांचं एक वेळ ठीक. तराजू म्हणजे घरचं दैवत होतं. नवरा गेल्यावर याच दोन पारड्यांवर त्यांनी अजितला वाढवलं.

"आत्या, राहू द्या," वैष्णवी म्हणाली. "म्या त्यातलीच एक घालीन. नशिबात असंल ते हुईल."

"नशिबाला काय इचारतीस? घासल्या म्या," सोजराबाई म्हणाल्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, तराजूच्या पाया पडल्या आणि मोठ्यानं बोलल्या, म्हणजे देवालाही ऐकू जावं आणि सुनेलाही. "चूक माजी, उचलती बी मीच. पोरीला काय बोल लावू नगंस."

त्यांनी माळ बाजूला केली आणि तराजू उचलला. एक पारडं सोडवून बोल्टला टांगलं. या कामात त्यांचे हात मुरलेले होते. फळी दोन स्टुलांवर आडवी ठेवली. वैष्णवी खूण बघत खाली वाकली. सोजराबाईंनी पारड्यात दोन किलोचं माप ठेवलं आणि मग मुठीनं तांदूळ सोडायला लागल्या. त्यांची मूठ म्हणजे पानशेतच्या रस्त्यावरचं प्रमाण माप, कुणी काट्यावर घालून बघावी, दाणा इकडचा तिकडं व्हायचा नाही.

"बास!" वैष्णवी म्हणायची, आणि मुठी मोजल्या जायच्या. पहिली स्प्रिंग दोन मुठींतच बसली, ती पांढरी. एकीला सोळा लागल्या, ती तांबडी. एकीला बारा, ती निळी. उरलेल्या दोघींना मात्र प्रत्येकी सहाच मुठी लागल्या. पुन्हा मोजलं, पुन्हा सहा. तिसऱ्यांदाही तेच.

वैष्णवीनं वही मिटली. "पिवळी नवी असताना कडक होती. तीन वर्षं वापरून बसलीय, म्हणून हिरवीच्या बराबरीला आली. पण थकलेल्या स्प्रिंगेचा भरवसा न्हाई, आत्या. कधी चालती, कधी दगा देती. ह्यातली कुठली कुठली, ते तराजू न्हाई सांगायचा."

सोजराबाईंनी दोन्ही स्प्रिंगा तळहातावर घेतल्या. दिव्याजवळ नेल्या. मग डोळे मिटले आणि अंगठ्यानं एकेक वेढा चाचपला, सकाळी घासताना चाचपला होता तसा.

"ही जुनी," त्या म्हणाल्या.

"कशावरनं?"

"बाकीच्या चार एका हातात निघाल्या. हिला म्या तीनदा राख लावली. तरी आतल्या बाजूनं काळं ऱ्हायलंच, नखाला लागतंय बघ. तीन वर्षांची काजळी हाय ती, एका दिवसाची न्हाई. घासणाऱ्या बाईला एवढं कळतं."

वैष्णवीनं नख घालून बघितलं. मग ती सासूच्या गळ्यात पडली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण असं आजवर कधी झालं नव्हतं. सोजराबाईंना काय करावं सुचेना. त्या तिच्या पाठीवर तांदळाचे हात फिरवत राहिल्या.

स्प्रिंगांची ओळख पुन्हा हरवू नये म्हणून त्यांनी प्रत्येकीला घर दिलं. निळी काडेपेटीत, तांबडी हळदीच्या डबीत, पांढरी औषधाच्या बाटलीत. पिवळीला एकटीलाच एका फाटक्या चिंधीत बांधलं. "लई तरास दिला हिनं," त्या म्हणाल्या. हिरवी मिसरीच्या रिकाम्या डबीत ठेवली, आणि वैष्णवीनं वहीत तसंच लिहून घेतलं. चाचणीच्या सकाळी तीच पिस्तुलात बसली.

चाचणीला पुण्याच्या रेंजवर सोजराबाई पहिल्यांदाच गेल्या. कानात कापूस घालून मागच्या बाकावर बसल्या. वैष्णवीनं सांगून ठेवलं होतं, निशाणाकडं बघू नका, तिथं काय दिसायचं नाही. माझ्या उजव्या बाजूला बघा. पुंगळी उडाली की समजायचं, ठीक चाललंय. गोळ्या साठ होत्या. सोजराबाई बोटांच्या पेरांवर मोजत होत्या, एका हाताची बारा पेरं, पाच वेळा.

दोन हात झाले, तीन झाले. चौथ्या हाताला मध्येच वैष्णवीचं पिस्तूल खाली आलं आणि तसंच राहिलं. सोजराबाईंचा अंगठा करंगळीच्या पेरावर थिजला. पण तिनं नुसता श्वास घेतला होता. पिस्तूल वर आलं, पुंगळी उडाली. पाचव्या हाताचं शेवटचं पेर झालं तेव्हा त्यांच्या अंगावरचं पोलकं घामानं भिजलं होतं. साठच्या साठ पुंगळ्या बाहेर पडल्या होत्या.

बऱ्याच वेळानं वैष्णवी धावत आली, पायाशी वाकली आणि काहीतरी बोलली. सोजराबाईंना तिचे ओठ तेवढे हललेले दिसले. तिनंच हसत त्यांच्या कानातला कापूस काढला. "तिसरी आले, आत्या! तिघी घेणार व्हत्या, तिसरी मी!"

"मंग रडतीस कशाला येडे?" सोजराबाई म्हणाल्या आणि स्वतःच रडायला लागल्या.

संध्याकाळी घरी आल्या. पाट अजून मांडलेलाच होता. शिलंगण होऊन गेलं तरी सोजराबाईंनी तो उचलला नव्हता, पूजा मोडलेली, ती कशी आवरायची हे त्यांना कळत नव्हतं. मधोमध तराजूची जागा रिकामी होती, वाळलेली माळ बाजूला पडली होती.

वैष्णवीनं अजितला पोराला घेऊन अंगणात पाठवलं. मग कपाट उघडलं. पिस्तूल बाहेर काढलं, रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि त्या मोकळ्या जागेवर ठेवलं.

"नियम?" सोजराबाईंनी विचारलं.

"तुमी तुमचा मोडला की," वैष्णवी म्हणाली. "पाच मिन्टं. मी हितंच बसते. पुजा."

सोजराबाईंनी हात धुतले, पदरानं कोरडे केले आणि पिस्तुलापुढं बसल्या. मुठीवर घामाचा डाग होता, नळीजवळ काळं दिसत होतं, सगळं घासून काढण्याजोगं होतं. त्यांनी दोन बोटांत झेंडूचं एक फूल धरलं, वरून अलगद सोडलं आणि हात मागं घेतला.