दोन पट्ट्यांमधली कोरडी जागा

“अंतरपाट भिजला तर पिळून घ्या, पण मुलीला आत्ता बाहेर काढू नका!” शरच्चंद्र टिल्लू फोनवर एवढ्या जोरात ओरडले की निम्म्या कोथरूडची साडेचारपर्यंत लांबलेली दुपारची झोप मोडली. पुण्यात याहून मोठा गुन्हा नाही.

तिकडे स्कॉटलंडात त्यांच्या स्वरालीचं लग्न बागेत मांडलं होतं. नवरा आमोद, तिच्याच कंपनीतला. तंबू सकाळीच उडून शेजारच्या मेंढ्यांवर जाऊन बसला होता. मुहूर्त तिथल्या घड्याळात बारा दहाचा, आणि पाऊस धो धो. शरच्चंद्रांची बायपास नुकतीच झालेली. डॉक्टरांनी विमानाला मनाई केली म्हणून सुनीतीबाई एकट्याच गेल्या होत्या.

शरच्चंद्रांनी चौतीस वर्षं हवामान खात्यात नकाशे भरले. जगभरातून आकडे यायचे, ते टाकानं कागदावर मांडायचे. त्यांच्या टाकातून युरोपावर जेवढं धुकं उतरलं तेवढं खुद्द युरोपानं पाहिलं नसेल. पण अंदाज साहेबांचा, सही साहेबांची. शेजाऱ्यांनी “छत्री घेऊ का?” असं विचारलं तरी म्हणायचे, “साहेबांना विचारा.”

आज शेजारी बसले होते ते खात्यातलेच निवृत्त सीताराम, चहा फुंकत. संगणकाच्या पडद्यावर तिकडच्या रडारचं चित्र, आणि त्यावर शरच्चंद्रांची लाकडी फूटपट्टी.

“हे आपल्या वळवासारखं नाही, सुनीती. उबदार हवा गार हवेच्या पाठीवर चढते. पण सगळी एकदम नाही, पट्ट्यापट्ट्यांनी. चढते तिथे पाऊस. मधल्या जागेत हवा खाली उतरते, तिथे कोरडं. आत्ता पट्टा तुमच्या डोक्यावर आहे. बारा पंचवीसला सरेल. पुढचा बारा पंचावन्नला.”

“आणि नाही सरला तर?”

“साहेबांना विचारतो म्हणा,” सीताराम पुटपुटले.

फोनवर श्यामसुंदर गुरुजींचा आवाज आला. “बारा दहाचा मुहूर्त टळतोय, त्याची जबाबदारी कुणाची?”

शरच्चंद्रांनी फूटपट्टी खाली ठेवली. “माझी. लिहून घ्या. शरच्चंद्र टिल्लू, नकाशा विभाग.”

“बाबा म्हणतात तसंच,” मागून स्वराली म्हणाली. “मी पंचवीसला निघते.”

सीताराम शरच्चंद्रांची नाडी धरून बसले. बारा पंचवीस. पाऊस चालूच. सव्वीस.

“टिल्लू, पेन्शन थांबणार तुमची.”

सत्तावीसला सुनीतीबाई किंचाळल्या, “अहो, ऊन! मेंढ्यांच्यासुद्धा अंगावर ऊन!”

शरच्चंद्र धावत आत गेले. डोक्यावर टोपी आणि हातात तांदळाची वाटी घेऊनच आले. दोघे म्हातारे उभे राहिले. फोनमधून मंगलाष्टकं सुरू झाली, आणि प्रत्येक ‘सावधान’ला इकडे कोथरूडात फोनवर, पडद्यावर, रडारच्या हिरव्यानिळ्या ढगांवर अक्षता पडू लागल्या. सीताराम तर नेम धरून टाकत होते.

टाळ्या. हसणं. बासरी की काहीतरी पिपाणी. मग एकच पळापळ, आणि सुनीतीबाईंचा धापा टाकणारा आवाज, “अहो, आला पाऊस! पण लागलं हो लग्न! ठेवते!”

फोन बंद झाला. घरात एकदम शांत झालं.

“त्रेपन्न,” सीताराम पडद्यावरचं तिकडचं घड्याळ बघत म्हणाले. “दोन मिनिटं लवकर आला.”

टोपी तशीच डोक्यावर ठेवून शरच्चंद्र कीबोर्डच्या फटींत अडकलेला एकेक तांदूळ नखानं काढत होते, आणि वाटीत जपून ठेवत होते.