पॅलेडियमची गिरणी

"सुलेखाताई, रंग हवा हो. राखाडी पिठाचा फोटो कोण बघणार?"

ताटात कुणी राख वाढावी तसं यशोधनने डबीतल्या पुडीकडे पाहिलं. वयाने तो सुलेखाहून बराच लहान, हुद्द्याने तिचा साहेब. काम असलं की 'ताई', नसलं की नुसतं 'सुलेखा'.

ती पूड म्हणजे सुलेखाची कित्येक वर्षांची मेहनत होती. औषधांच्या कारखान्यात रासायनिक क्रिया झटपट व्हावी म्हणून पॅलेडियम लागतं, सोन्याच्या पंक्तीतला धातू. जुन्या रीतीत तो आधी आम्लात विरघळवायचा, मग त्यात आधाराची भुकटी भिजवायची, धुवायची, भाजायची. मागे आम्लाच्या पाण्याची पिंपं उरतात. सुलेखाने धातू आणि भुकटी कठीण गोळ्यांबरोबर बंद भांड्यात कोरडीच दळली. धातू भुकटीवर बसला. आम्ल नाही, पाणी नाही, खर्चही बराच कमी. यशोधन त्या यंत्राला 'तुमची पिठाची गिरणी' म्हणे. जन्मात कधी गिरणीत डबा नेलेला नसावा.

आज खरेदीदार कंपनीच्या मिसेस लिम येणार होत्या. त्यांनी होकार दिला तर गिरणी त्यांच्या तुआसच्या कारखान्यात बसणार होती. नाही तर जुन्या टाक्या होत्याच.

"जुन्या रीतीचं ते लाल द्रावण करा ना लिटरभर," यशोधन म्हणाला. "फ्लास्कमध्ये काय सुंदर दिसतं! मागे हिरवा बॅनर."

"ते करावं लागू नये म्हणूनच तर ही पद्धत आहे."

"अहो, पाहुण्यांना थोडंच कळतंय? आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात माझ्या टेबलावर येतंय. लक्षात आहे माझ्या."

पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार? सुलेखा खालच्या कॉफीशॉपमध्ये गेली. बिनदुधाचा चहा, इथला टे-ओ, तिने पिशवीत बांधून आणला, नव्याकोऱ्या फ्लास्कमध्ये ओतला आणि बूच लावलं. रंग जवळजवळ तोच. यशोधनने, रसायनशास्त्रातल्या या डॉक्टरने, गॉगल चढवला, हातमोज्यांवर हातमोजे घातले आणि फ्लास्क उजेडात धरून म्हणाला, "हे बघा, याला म्हणतात सायन्स."

मिसेस लिम आल्या. फोटो निघाले. मग त्यांनी फ्लास्ककडे बोट दाखवलं.

"हे वापरून झालं की टाकता कुठे?"

"शुद्ध करतो, मॅडम. अत्याधुनिक यंत्रणा आहे."

"म्हणजे तुमच्याकडेही आम्लाचं पाणी उरतंच. मग आमची जुनी पद्धत काय वाईट?" त्यांनी पर्स खांद्याला लावली.

यशोधनने बॅनरकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे छापलेलं होतं. सुलेखा गप्प राहिली असती तर कॉन्ट्रॅक्ट तिचंच होतं. फक्त गिरणी बुडाली असती.

"मॅडम, तो चहा आहे," ती म्हणाली. "आमच्या पद्धतीत पाणी उरतच नाही. फोटोला रंग हवा होता."

तिने बूच काढून फ्लास्क पुढे केला. मिसेस लिमनी वास घेतला.

"साखरेसकट?"

"साखरेसकट."

"बरं. आता ती पूड दाखवा."

यशोधनच्या डोळ्यांवर गॉगल तसाच होता.

पाहुण्यांना निरोप देऊन वर येताना लिफ्टमध्ये तो म्हणाला, "इतक्या हुशार तुम्ही, पण माणसं कळत नाहीत तुम्हाला."

"एक कळला."

मिसेस लिमचा होकार आला. सुलेखाचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. तुआसला तिच्या जागी दुसरं कुणी जाणार होतं. ट्रक आला तेव्हा गिरणी आडवी ठेवू नका, पट्टे खालून आवळा, एवढंच तिने हमालांना सांगितलं.

प्रयोगशाळेत गिरणीच्या चार पायांखालची फरशी तेवढी नव्यासारखी राहिली होती. तिथे यशोधनने कुंडी ठेवायला लावली. हिरवंगार दिसतं म्हणे. झाड प्लॅस्टिकचं होतं.

सुलेखाने ती उचलून दाराशी नेऊन ठेवली आणि राहिलेल्या दिवसांपुरती आपली खुर्ची गिरणीच्या जागी ओढून घेतली.