साखरपुड्याचं आइस्क्रीम

मृण्मयी दोन वर्षं संभाजीनगरहून एसटीनं पैठणला जायची, कोळ्यांकडून मासे आणायची आणि माशांच्या आतड्यांतले जंत लॅबच्या फ्रीझरमध्ये जपायची. तिची पीएचडी त्या जंतांवरच होती. गाइड सरांच्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि सरांनी जंत बाहेर काढून तिथं आइस्क्रीमचे डबे कोंबले. नमुने टेबलावर सडले.

“परत आण की, पैठण काय विलायतेत आहे?” सर म्हणाले. वर साखरपुड्यात वाढायलाही तिलाच बोलावलं. म्हणे जंतांचे तज्ज्ञ! दहा वर्षांत मायक्रोस्कोपला डोळा लावला असेल तर शपथ.

पंगतीत सरांचे व्याही चमचा चाटत म्हणाले, “लई घट्ट राहिलंय आइस्क्रीम! कुठं ठेवलं व्हतं?”

“माशांचे जंत ठेवतो तिथंच,” मृण्मयी गोड आवाजात म्हणाली. “अजून वाढू?”