पुसलेले आकडे

“दोघींनी वेगवेगळं मोजायचं, आपापल्या पाटीवर लिहायचं आणि पाट्या एकदमच उलटायच्या. जुळलं तर वहीत. नाही जुळलं तर पुसून पुन्हा.” मला संशोधन शिकवणाऱ्या बाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाई जाऊन सहा वर्षं झाली. तरी पेट्री डिशसमोर बसले की तो आवाज कानाशी असतो.

खारट पाण्यात कुठलं बी तग धरतं, हे शोधायचं माझं काम. काचेच्या चाळीस डिश, आणि रोज सकाळी सात वाजता त्यातल्या रुजलेल्या बियांची मोजणी. सकाळी दहापर्यंत मी मौन पाळते, त्यामुळे पाटीची पद्धत मला देवानेच दिल्यासारखी होती. समोर प्रयोगशाळेतल्या मदतनीस ताई बसायच्या. माझ्या वाटचंही त्याच बोलायच्या.

नव्वद दिवसांच्या मोजणीवरचा माझा लेख छापून आला, आणि वर्षभराने चौकशी समितीचा निर्णय हातात पडला. दोन माणसांच्या मोजणीत थोडा तरी फरक पडतोच. इथे तीन हजार सहाशे नोंदींत एकही नाही. सबब आकडे मनाने रचलेले आहेत. लेख मागे घ्यावा.

त्या ‘सबब’पाशी मी किती वेळ बसून राहिले, कुणास ठाऊक.

फेरविचाराचा अर्ज लिहायला घेतला तेव्हा आमचे हे चहाचा कप बाजूला ठेवत म्हणाले, “बाईंनी शिकवलं असं लिही ना सरळ. त्या काही आता उत्तर द्यायला यायच्या नाहीत.”

“म्हणूनच नाही लिहायचं.”

“आणि सुनावणी सकाळी नऊलाच असते. एक दिवस बोललीस तर देव काही रुसणार नाही.”

“देव नाही रुसायचा. पण बोलून सांगू काय? रचले नाहीत, एवढंच ना? ते तर रचणाराही म्हणतो.”

अर्जात मी एकच मागणी केली: आम्ही कसं मोजतो, ते समितीने डोळ्यांनी बघावं.

समितीच्या खोलीत लांब टेबलावर दहा डिश मांडल्या होत्या. पलीकडे अध्यक्ष आणि दोन सदस्य. ताईंनी बसल्या बसल्या सांगून टाकलं, “साहेब, मॅडम दहापर्यंत बोलत नाहीत. आणि मी काही गप्प बसत नाही. तेव्हा हिशेब बरोबर.” एक सदस्य हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

पहिल्या सहा डिश जुळल्या. सातवीला माझ्या पाटीवर तेवीस, ताईंच्या पाटीवर चोवीस. माझा हात आपसूक ओल्या फडक्याकडे गेला.

“थांबा,” अध्यक्ष म्हणाले. “हे काय करताय?”

“पुसतोय,” ताई म्हणाल्या. “जुळलं नाही ना! आता पुन्हा मोजायचं.”

“आणि हे तेवीस-चोवीस लिहिलं कुठे?”

“कुठेच नाही. चुकलेलं कशाला लिहायचं?”

मी डिशमध्ये पाहिलं. एका बीचं साल नुसतं तडकलं होतं. रुजलं म्हणावं की नाही, त्याचं त्यालाच ठाऊक. अशा किती बिया आम्ही नव्वद दिवस त्या फडक्याने पुसल्या! मोजणी खरी होती, पण वहीत दिसणारा तो नितळपणा खरा नव्हता.

“म्हणजे रचले नाहीत,” अध्यक्ष सावकाश म्हणाले. “पण दाखवलेही नाहीत.”

मी खडू उचलला आणि पाटीच्या मागच्या बाजूला लिहिलं: रचले नाहीत. पुसले. पुन्हा नव्वद दिवस मोजेन, न जुळलेलंही लिहीन.

त्यांनी ते शब्द आपल्या कागदावर उतरवून घेतले. “‘रचलेले’ हा शब्द आम्ही काढू. लेख मात्र मागेच घ्यावा लागेल.”

मी मान हलवली.

बाहेर पडलो तेव्हा दहा वाजून गेले होते. ताई म्हणाल्या, “बाई असत्या तर आज आपली काही धडगत नव्हती.”

“बाई असत्या,” दिवसातलं पहिलं वाक्य मी बोलले, “तर सगळ्यात आधी त्यांनी स्वतःची पाटी पुढे केली असती.”

आठवडाभरात नव्या बिया भिजत घातल्या. मोजणीच्या पहिल्या सकाळी देवापुढे दिवा लावला, नमस्कार केला. नव्या वहीत रात्रीच तीन रकाने आखून ठेवले होते: माझा आकडा, ताईंचा आकडा आणि न जुळण्याचं कारण. वही पिशवीत घातली. यांनी काही न विचारता छत्री पुढे केली. दार हळूच ओढून घेतलं आणि निघाले.